सेंट पॉल्स स्कूल, लंडन आणि तिचे माजी विद्यार्थी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

योगी अरविंदांच्या मराठी चरित्रांत 'लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिक्षण झाले' असं एक वाक्य येतं आणि मजकूर पुढे केंब्रिजकडे सरकतो. त्या एका वाक्यावरून मला सर्वांत जास्त प्रश्न येतात. बाकीचे प्रश्न स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, प्रश्नमंजूषा घेणारे शिक्षक आणि इंग्लंडात राहणारे मराठी पालक पाठवतात. शाळांच्या नामवंतांच्या याद्या बहुधा नुसत्या नावांच्या माळा असतात. त्या मुलाला शाळेत कोण भेटलं, काय मिळालं, हे कळलं की मगच त्या नावाला काही अर्थ येतो असं मला मनापासून वाटतं. म्हणून उत्तरं जिथे लांबली आहेत तिथे ती लांबू दिली आहेत.

१. ही नेमकी कोणती शाळा? सेंट पॉल्स नावाच्या शाळा तर ठिकठिकाणी आहेत.

१५०९ साली स्थापन झालेली लंडनमधली मुलांची माध्यमिक शाळा. सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन जॉन कोलेट यांनी वडिलांकडून आलेली संपत्ती तिच्यासाठी दिली. वडील कापडाचे मोठे व्यापारी होते आणि दोनदा लंडनचे लॉर्ड मेयर झाले होते. कोलेट स्वतः धर्मगुरू असूनही त्यांनी कारभार चर्चकडे न देता मर्सर्स कंपनीकडे, म्हणजे कापड व्यापाऱ्यांच्या संघाकडे सोपवला. त्या काळात हा निर्णय धाडसाचा होता.

शाळा सुरुवातीला कॅथीड्रलच्या आवारालगत होती. १६६६ च्या आगीत ती जळाली आणि पुन्हा उभी राहिली. १८८४ मध्ये ती हॅमरस्मिथला गेली आणि १९६८ पासून टेम्स नदीच्या दक्षिण काठावर, बार्न्स इथे आहे. कॅथीड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांची 'सेंट पॉल्स कॅथीड्रल स्कूल' ही वेगळी शाळा आहे. कवी वॉल्टर डे ला मेअर त्या शाळेचा, या शाळेचा नव्हे. ही गल्लत छापील पुस्तकांतही दिसते.

२. 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा का? गरीब मुलं तिथे शिकत होती का?

इंग्लंडात 'पब्लिक स्कूल' म्हणजे जुनी, फी घेणारी खाजगी शाळा. मूळ अर्थ एवढाच की अमुक गावाच्या किंवा पंथाच्याच मुलांना नव्हे, तर कुणालाही खुली असलेली शाळा.

कोलेटची शाळा सुरुवातीला खरोखरच मोफत होती. १५३ मुलांची सोय होती. हा आकडा बायबलमधल्या जाळ्यात सापडलेल्या १५३ माशांशी जोडला जातो आणि शिष्यवृत्ती मिळवलेली मुलं अजूनही चांदीचा छोटा मासा लावतात. प्रवेशाच्या वेळी एकदाच चार पेनी द्यायचे. ते पैसे शाळा झाडणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला मिळत. वर्गात चरबीच्या नव्हे तर मेणाच्याच मेणबत्त्या वापरायच्या, हेसुद्धा कोलेटने नियमांत लिहून ठेवलं होतं. त्याच नियमांत सर्व राष्ट्रांतल्या आणि देशांतल्या मुलांना भेद न करता घ्यावं असं वाक्य आहे. पौणेचारशे वर्षांनी बंगालमधली दोन भावंडं तिथे दाखल झाली (प्रश्न ५ आणि ६) तेव्हा त्या वाक्याची आठवण किती जणांना झाली असेल ते सांगता येत नाही, पण मला दर वेळी होते.

३. 'ओल्ड पॉलाइन' कोणाला म्हणतात?

शाळेत शिकत असलेल्या मुलाला 'पॉलाइन' आणि शिकून बाहेर पडलेल्याला 'ओल्ड पॉलाइन'. मुख्याध्यापकाला तिथे 'हाय मास्टर' म्हणतात. पुढे हा शब्द येईल.

४. सर्वांत नावाजलेले माजी विद्यार्थी कोण? परीक्षेपुरतं थोडक्यात सांगा.

कवी जॉन मिल्टन, रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स, खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली, सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारा थॉमस क्लार्कसन. लेखक जी. के. चेस्टरटन, कवी लॉरेन्स बिन्यन, लेनर्ड वुल्फ. फील्डमार्शल माँटगोमेरी. विचारवंत आयझाया बर्लिन, मेंदूविज्ञानाचे डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स, नाट्यदिग्दर्शक जोनाथन मिलर. राजकारणात अलीकडचं नाव ब्रिटनचे माजी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न. आणि अर्थातच अरविंद घोष.

यातलं एकच नाव लक्षात ठेवायचं असेल तर मी क्लार्कसनचं सुचवीन. केंब्रिजमध्ये १७८५ साली निबंधस्पर्धेसाठी विषय होता: माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? त्याने बक्षीस मिळवलं, आणि लिहिलेलं खरं असेल तर कुणीतरी हे थांबवलं पाहिजे या विचाराने त्याची झोप उडाली. बंदरांतून हिंडून, खलाशांना भेटून त्याने पुरावे गोळा केले. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली त्यामागे हे कष्ट होते.

५. योगी अरविंद या शाळेत खरोखर होते का? किती वर्षं? तिथे काय शिकले?

हो. सप्टेंबर १८८४ ते १८८९ अखेर, जेमतेम पाच वर्षं. वडील डॉ. कृष्णधन घोष यांनी १८७९ साली तिन्ही मुलांना इंग्लंडला नेलं, तेव्हा अरविंद सात वर्षांचे होते. आधी मँचेस्टरला ड्रूएट नावाच्या पाद्रीबाबांच्या घरी त्यांनी लॅटिन शिकून घेतलं. सेंट पॉल्समध्ये आले तेव्हा शाळाही हॅमरस्मिथच्या नव्या इमारतीत नुकतीच आली होती.

हाय मास्टर फ्रेडरिक वॉकर कडक आणि गडगडाटी आवाजाचे म्हणून प्रसिद्ध होते. या मुलाचं लॅटिन ऐकून त्यांनी त्याला स्वतः ग्रीक शिकवायला घेतलं आणि भराभर वरच्या वर्गांत चढवलं. पुढची काही वर्षं अरविंद अभ्यासक्रमाबाहेरचं वाचत राहिले: इंग्रजी कविता, फ्रेंच कादंबऱ्या, युरोपचा इतिहास. काही शिक्षकांना तो आळस वाटला.

घरची स्थिती मात्र फार वाईट होती. वडिलांकडून पैसे वेळेवर येईनासे झाले. पुढे अरविंदांनी सांगितलं आहे की एक अख्खं वर्ष सकाळी लोणी लावलेल्या पावाचे एकदोन तुकडे आणि चहाचा कप, संध्याकाळी एका पेनीचं सॉसेज, एवढंच खाणं होतं. लंडनच्या हिवाळ्यात, पुरेसा कोट नसताना. त्या पोटाने या मुलाने केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची वर्षाला ८० पौंडांची शिष्यवृत्ती मिळवली आणि १८९० मध्ये आयसीएसच्या परीक्षेत अकरावा आला. ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्याला मिळालेले गुण फार मोठे होते, आणि त्यांची मुळं वॉकरांच्या शिकवणीत आहेत. 'इंग्रजी शाळेने त्यांना साहेब केलं' असं जे लिहितात त्यांनी हा सगळा काळ नीट वाचावा.

६. त्यांचे भाऊही तिथेच होते का?

मनमोहन घोष होते. मोठे बंधू, पुढे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. शाळेत त्यांची लॉरेन्स बिन्यनशी मैत्री झाली. १८९० मध्ये या दोघांनी आणखी दोन मित्रांबरोबर एक छोटा कवितासंग्रह काढला, आणि त्यावर ऑस्कर वाइल्डने लिहिलं. मनमोहन १९२४ साली गेले. त्यांच्या कवितांचं पुस्तक १९२६ मध्ये निघालं तेव्हा त्याला आठवणींची प्रस्तावना बिन्यननेच लिहिली. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांसाठी ब्रिटनमध्ये दरवर्षी ज्याच्या ओळी म्हणतात तो हाच बिन्यन.

धाकट्या भावाच्या कीर्तीमुळे मनमोहन झाकले गेले. शाळेच्या यादीत दोघांची नावं शेजारी हवीत.

७. लंडनच्या शाळेतला हा मुलगा मराठी माणसांमध्ये कसा येऊन पोहोचला?

आयसीएसच्या घोडेस्वारीच्या परीक्षेला ते वेळेवर गेले नाहीत, म्हणून १८९२ मध्ये त्यांना नाकारलं गेलं. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. ओळख करून दिली गेली, महिना दोनशे रुपयांवर नोकरी ठरली आणि फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंद मुंबईला उतरून बडोद्याला गेले. चौदा वर्षांनी मायदेशी. बडोद्यात ते मराठी आणि गुजराती शिकले, आणि गंमत नव्हे, बंगालीसुद्धा नीट तिथेच शिकले, कारण लहानपणी घरात ती बोलूच दिली गेली नव्हती. खासेराव जाधवांच्या घरी ते राहायचे.

केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे मुंबईत 'इंदुप्रकाश'चा इंग्रजी भाग पाहत होते. ऑगस्ट १८९३ पासून अरविंदांनी तिथे काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर कठोर लेखमाला लिहिली. तेव्हा वय एकवीस! न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं, मग लेखांची धार कमी करायला सांगण्यात आलं आणि माला आटोपली.

सुरतेच्या काँग्रेसनंतर, जानेवारी १९०८ मध्ये बडोद्यात विष्णू भास्कर लेले हे योगी भेटले. सरदार मुजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत तीन दिवस दोघे बसून होते. मनात येणारे विचार बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधीच परतवा, असं लेल्यांनी सांगितलं, आणि मन निःशब्द झालं. त्यानंतर मुंबईत भाषण होतं तेव्हा बोलायला काही सुचेना. लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि वाट पाहा, शब्द येतील. ते आले. ग्रीक वॉकरांनी दिलं आणि ही शांतता लेल्यांनी. अरविंदांच्या चरित्रात या दोन गुरूंना सारखी जागा मिळायला हवी, पण मराठी पुस्तकांतसुद्धा लेल्यांचा उल्लेख दोनचार ओळींत उरकलेला दिसतो याचं वाईट वाटतं.

८. पेशवाईशी संबंध आलेला कुणी माजी विद्यार्थी आहे का?

आहे, आणि इतिहासाच्या शिक्षकांना हे नाव ठाऊक असतं, फक्त शाळा ठाऊक नसते. फिलिप फ्रान्सिस. जन्म १७४० चा, डब्लिनचा. १७७४ मध्ये कोलकात्याला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून आला आणि वॉरन हेस्टिंग्जचा कट्टर विरोधक झाला.

मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला होता. कोलकात्याच्या कौन्सिलने तो मान्य केला नाही, कर्नल अप्टनला पाठवलं आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. त्या कौन्सिलमध्ये बहुमत फ्रान्सिसच्या गटाचं होतं. म्हणजे बारभाईंच्या कारस्थानाच्या काळात आपण शाळेत जो पुरंदरचा तह पाठ केला, त्यावर सेंट पॉल्सच्या एका माजी विद्यार्थ्याचा हात आहे.

पुढे १७८० च्या सुरुवातीला फ्रान्सिस आणि हेस्टिंग्ज यांच्यात समेट झाला. मराठ्यांशी चाललेल्या युद्धात फ्रान्सिस आडवा येणार नाही असं त्याने कबूल केलं, हे हेस्टिंग्जचं म्हणणं. असा शब्द मी दिलाच नव्हता, हे फ्रान्सिसचं. हेस्टिंग्जने कौन्सिलच्या दप्तरात लिहिलं की याच्या खाजगी वागण्यात सत्य आणि प्रामाणिकपणा नाही, आणि सार्वजनिक वागणंही मी त्यावरूनच जोखतो. १७ ऑगस्ट १७८० ला सकाळी अलीपूरला पिस्तुलांचं द्वंद्व झालं. फ्रान्सिस जखमी झाला, वाचला आणि इंग्लंडला परतला. हेस्टिंग्जवर संसदेत १७८८ ते १७९५ असा सात वर्षं महाभियोग चालला, त्याला इंधन पुरवणारा मुख्य माणूस फ्रान्सिसच.

'ज्युनिअस' या टोपणनावाने राजाच्या मंत्र्यांवर तुटून पडणारी पत्रं लिहिणारा तोच असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. ती पत्रं छापणारा वुडफॉल शाळेत त्याच्या बरोबरीचा होता.

९. रामानुजन या शाळेत शिकले होते का? कुठेतरी नाव वाचलं.

नाही. रामानुजन कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलचे. गोंधळ होण्याचं कारण मात्र खरं आहे: रामानुजनांच्या कामाशी जोडलेले दोन मोठे गणिती सेंट पॉल्सचे होते, आणि दोघांचा शिक्षक एकच.

पहिला जे. ई. लिटलवुड. रामानुजनांचं पत्र १९१३ मध्ये केंब्रिजचा गणिती हार्डी याच्याकडे आलं तेव्हा हार्डीने ते ज्याच्याबरोबर बसून तपासलं तो. दुसरा जी. एन. वॉटसन. रामानुजन १९२० मध्ये गेले. त्यांच्या वह्यांतल्या सूत्रांच्या सिद्धता शोधण्यात वॉटसनने अनेक वर्षं घातली. मृत्यूपूर्वी काही महिने हार्डींना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात रामानुजनांनी ज्या नव्या गणिती फलांची (फंक्शन्सची) कल्पना मांडली होती, त्यांवर वॉटसनने १९३५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचं अध्यक्षीय भाषण दिलं. १९६५ मध्ये वॉटसन वारला. त्याच्या कागदांत रामानुजनांच्या हस्ताक्षरातली शंभराहून अधिक पानं होती. ती केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली आणि १९७६ मध्ये गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांना तिथे दिसली. 'हरवलेली वही' म्हणतात ती हीच.

शिक्षकाचं नाव फ्रान्सिस मॅकॉले. (१८३५ चा शिक्षणविषयक अहवाल लिहिणारा तो मॅकॉले हा नव्हे. हा प्रश्नही येतोच.) स्वतः बीजगणितात मूलभूत काम केलेला हा माणूस १९११ पर्यंत शाळेत मुलांना शिकवत होता. वर्गात व्याख्यान कमी, मुलांनी पुस्तकं घेऊन स्वतः झगडायचं जास्त. आपले रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या ज्या परीक्षेत सर्वप्रथम आले, त्याच परीक्षेत लिटलवुड १९०५ मध्ये आणि वॉटसन १९०७ मध्ये पहिला आला. एका शाळामास्तराच्या हाताखालून दोन वर्षांच्या अंतराने असे दोन विद्यार्थी. मॅकॉले शाळेचा विद्यार्थी नव्हता म्हणून यादीत येत नाही. यादीची ही उणीव मला नेहमी खुपते.

१०. मिल्टन आणि पीप्स आपल्या शाळेबद्दल काही सांगतात का?

मिल्टन एवढंच सांगतो की बाराव्या वर्षापासून मध्यरात्रीआधी तो क्वचितच पुस्तकावरून उठला, आणि डोळ्यांचं दुखणं तिथून सुरू झालं. शाळेतला त्याचा जिवलग मित्र चार्ल्स डिओडाटी १६३८ मध्ये गेला. मिल्टनने त्याच्यावर लॅटिनमध्ये दीर्घ विलापिका लिहिली.

पीप्स मात्र शाळेला रोजनिशीत पुन्हा पुन्हा भेट देतो. ३० जानेवारी १६४९ ला पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि गर्दीत उभा राहून पाहत होता. तेव्हा तो राजाच्या विरोधकांच्या बाजूचा. अकरा वर्षांनी राजेशाही परत आली आणि पीप्स नौदलाच्या कचेरीत चांगल्या हुद्द्यावर बसला. १ नोव्हेंबर १६६० ला एका जेवणात शाळेतला जुना सोबती भेटला आणि म्हणाला, तू तर लहानपणी कट्टर राजविरोधी होतास! पीप्सला घाम फुटला. कारण शिरच्छेदाच्या दिवशी तो म्हणाला होता की मला राजावर प्रवचन द्यायला सांगितलं तर 'दुष्टांची आठवण कुजून जाईल' हे वचन घेईन. पण तो सोबती त्याआधीच शाळा सोडून गेला होता, हे नंतर त्याला कळलं आणि जीव भांड्यात पडला.

१६६३ मध्ये तो शाळेच्या वार्षिक समारंभाला गेला, मुलांची भाषणं ऐकली आणि घरी येऊन लिहिलं की आमच्या वेळच्या इतकी काही चांगली नव्हती. तीन वर्षांनी, ७ सप्टेंबर १६६६ च्या सकाळी जळून गेलेल्या भागांतून चालताना त्याने कॅथीड्रलबरोबर शाळाही कोसळलेली पाहिली.

११. हॅलीने शाळेत असतानाच संशोधन केलं होतं म्हणतात, ते खरं का?

खरं. तो १६७१ मध्ये शाळेचा कॅप्टन होता आणि १६७२ मध्ये, ऑक्सफर्डला जाण्याआधी, लंडनमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते याचं निरीक्षण त्याने केलं होतं. विशीत सेंट हेलेना बेटावर जाऊन त्याने दक्षिण आकाशातल्या ३४१ ताऱ्यांची यादी केली. न्यूटनचा मोठा ग्रंथ १६८७ मध्ये छापला गेला तो हॅलीच्या पैशाने. धूमकेतूचं भाकीत सगळ्यांना माहीत आहे. तो १७५८ अखेरीस परत दिसला, तेव्हा हॅलीला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

१२. विन्स्टन चर्चिल सेंट पॉल्सचे ना?

नाही, ते हॅरो शाळेचे, जिथे पुढे पंडित नेहरूही शिकले. सेंट पॉल्समध्ये होता तो त्यांचा पूर्वज जॉन चर्चिल, म्हणजे पहिला ड्यूक ऑफ मार्लबरो, ज्याने १७०४ मध्ये ब्लेनहाइमची लढाई जिंकली. विन्स्टन चर्चिल शाळेत आले होते, पण वेगळ्या कारणाने (पुढचा प्रश्न).

१३. नॉर्मंडीवरच्या स्वारीचा बेत खरंच शाळेत ठरला?

दुसऱ्या महायुद्धात मुलांना बर्कशायरमध्ये हलवलं होतं आणि हॅमरस्मिथच्या रिकाम्या इमारतीत जनरल माँटगोमेरीचं मुख्यालय होतं. १५ मे १९४४ ला तिथल्या व्याख्यानगृहात, शाळेच्या लाकडी बाकांवर मोठमोठे सेनानी बसले आणि राजा सहावा जॉर्ज व पंतप्रधान चर्चिल यांच्यासमोर स्वारीचा पूर्ण आराखडा मांडला गेला. तीन आठवड्यांनी, ६ जूनला, सैन्य किनाऱ्यावर उतरलं.

माँटगोमेरी याच शाळेचा, १९०२ मध्ये दाखल झालेला, रग्बी संघाचा कप्तान. आता त्याची कचेरी हाय मास्टरच्या खोलीत होती. त्याने लिहून ठेवलं आहे की विद्यार्थी असताना त्या खोलीत मी कधीच पाऊल टाकलं नव्हतं, त्यासाठी मला सरसेनापती व्हावं लागलं.

१४. रोझलिंड फ्रँकलिन आणि संगीतकार होल्स्ट यांची नावं काही याद्यांत का नसतात?

कारण त्यांची शाळा वेगळी. १९०४ मध्ये त्याच कोलेटच्या निधीतून, त्याच मर्सर्स कंपनीने मुलींसाठी 'सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल' काढली. तीही हॅमरस्मिथमध्ये, पण स्वतंत्र. रोझलिंड फ्रँकलिन १९३२ ते १९३८ तिथे होती. मुलींना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र नीट शिकवणाऱ्या शाळा तेव्हा लंडनमध्ये मोजक्याच होत्या. डीएनएच्या रचनेचा पुरावा देणारी क्ष-किरण छायाचित्रं पुढे तिच्या प्रयोगशाळेतून आली. गुस्ताव होल्स्ट तिथला विद्यार्थी नव्हे, संगीतशिक्षक: १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत.

१५. आयझाया बर्लिन आणि ऑलिव्हर सॅक्स यांच्यासारखी ज्यू मुलं तिथे कशी आली?

दोघांचे मार्ग वेगळे. बर्लिन रीगामध्ये जन्मलेला, रशियातून आलेल्या कुटुंबातला. तो वेस्टमिन्स्टर शाळेच्या तयारीत होता, तेव्हा शिकवणीच्या मास्तरांनी सुचवलं की आयझाया हे नाव तिथे अडचणीचं होईल, जेम्स वगैरे काही घे. नाव सोडण्यापेक्षा त्याने शाळा बदलली आणि १९२२ मध्ये सेंट पॉल्सला आला.

सॅक्स लंडनचाच, डॉक्टर आईबापांचा मुलगा. तो, जोनाथन मिलर आणि एरिक कॉर्न असं त्रिकूट जीवशास्त्राचे शिक्षक सिड पास्क यांच्या भोवती जमलं होतं. पास्क सुट्टीतसुद्धा मुलांना घेऊन नमुने गोळा करायला जात. मिलर पुढे डॉक्टर होऊनही रंगभूमीवर गेला, कॉर्न जुन्या पुस्तकांचा व्यापारी झाला, आणि तिघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

१६. 'क्लेरिह्यू' हा कवितेचा प्रकार खरोखर वर्गात जन्मला का?

हो. एडमंड क्लेरिह्यू बेंटली सोळाएक वर्षांचा असताना, अभ्यासाच्या वेळी, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याच्यावर त्याला चार ओळी सुचल्या. पहिल्या ओळीत थोर माणसाचं नाव, पुढे त्याच्या चरित्राची उडवलेली गंमत, यमक जुळतं पण ओळींची लांबी वाटेल तशी. मराठी वाचकाला वात्रटिका आठवेल. शेजारी बसणारा मित्र चेस्टरटन त्याला चित्रं काढून द्यायचा. १८९० मध्ये या मित्रांनी एक वादविवाद मंडळ काढलं आणि स्वतःचं मासिकही छापलं. वर्गात मात्र चेस्टरटन मंद म्हणूनच ओळखला जाई.

१७. वाईट कामाने गाजलेल्यांचीही नावं घ्यायची का? आणि वर्षभरच शिकलेल्यांची?

दोन्ही घ्यायची, पण स्पष्ट लिहून. न्यायाधीश जॉर्ज जेफ्रीज याने १६८५ च्या बंडानंतर शेकडो माणसांना फाशीची शिक्षा दिली. तो सेंट पॉल्समध्ये होता आणि नंतर वेस्टमिन्स्टरला गेला. त्याला गाळून मिल्टनला ठेवणं मला पटत नाही. कवी एडवर्ड थॉमस १८९४–९५ मध्ये थोडाच काळ होता, आणि त्याची कविता तर शाळा सोडल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी सुरू झाली. ९ एप्रिल १९१७ ला अरासच्या लढाईत तो गेला. त्याचं नाव घ्यावं, पण शाळेने त्याला घडवलं असं म्हणू नये.

१८. इरॅस्मस या शाळेत शिकला की शिकवत होता?

दोन्ही नाही. तो कोलेटचा मित्र. शाळेसाठी त्याने लॅटिन लेखनशैलीचं पाठ्यपुस्तक लिहून १५१२ मध्ये कोलेटला अर्पण केलं. पहिला हाय मास्टर विल्यम लिली. त्याच्या नावाचं लॅटिन व्याकरण इंग्लंडातल्या शाळांत काही शतकं चाललं.

१९. १६६६ मध्ये शाळा जळाली, मग त्याआधीचे विद्यार्थी कशावरून ठरवता?

रास्त शंका. उपलब्ध प्रवेशनोंदी १७४८ पासूनच्या आहेत. म्हणून फिलिप फ्रान्सिसची नोंद सापडते, मिल्टनची शाळेत सापडत नाही, आणि तो नेमका कोणत्या वर्षी दाखल झाला हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. त्याआधीच्या नावांसाठी बाहेरचे पुरावे लागतात: मर्सर्स कंपनीचे हिशेब, पीप्ससारख्याची रोजनिशी, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांची प्रवेशपुस्तकं, कारण त्यांत मुलगा कुठल्या गुरूकडे शिकला ते लिहीत. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजच्या पुस्तकात फेब्रुवारी १६२५ मध्ये लॅटिनमधली एक ओळ आहे: जॉन मिल्टन, लंडनचा, जॉनचा मुलगा, पॉलच्या शाळेचे प्रमुख गिल यांच्या हाताखाली अक्षरविद्येची सुरुवात केलेला.